सारवलेलं कोर्ट

कर्जत,
रविवार, ता. ३ नोव्हेंबर १९४६

चि. मालोजी यास जयवंताताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

आपल्या चौक गावच्या घरामागची गोठ्याची भिंत तुला आठवते का? मे महिन्याच्या सुटीत मी पुण्याच्या कॉन्व्हेंटमधून घरी यायची. दुपारी आई निजली की आपण दोघं तिथं जात असू. चिंध्यांचा चेंडू वर सुतळीनं आवळलेला, आणि धोपाटणं एकच. मी टोला मारायची आणि चेंडू भिंतीवरून परत येईपर्यंत धोपाटणं तुझ्या हातात द्यायची. गाय नुसते कान हलवायची. एकदा डाव संपून नवा सुरू होणार, पहिला टोला माझा, इतक्यात आई उठून आली. ती रागावली नाही. धोपाटणं माझ्या हातातून घेऊन म्हणाली की जयू आता मोठी झाली. पुढच्या वर्षी काकांनी तुला खरी रॅकेट आणली आणि मला भरतकामाची पेटी. तू तेव्हा आठ वर्षांचा होतास, तुला काय कळणार. ते धोपाटणं आईच्या मागे भांड्यांबरोबर माझ्याकडे आलं. सोनाबाई अजून त्यानं चादरी धुते.

हे आज आठवलं त्याला कारण आहे. पळसदरीच्या वाटेवर लष्करानं लढाईच्या दिवसांत विश्रांतीचा तळ घातला होता, तो उठला. तंबू गेले, लाकूडफाटा लिलावात गेला. राहिलं ते एक उंच, चुनागच्ची, बिनखिडकीचं घर. मागे ठेंगणं दार, आत वर चढून बघायला लाकडी माची. गावात त्याला आंधळं घर म्हणतात आणि संध्याकाळनंतर तिकडे फिरकत नाहीत. मी आत गेले, जमिनीवरच्या तांबड्या रेघा पाहिल्या आणि ओळखलं. हे तुमचं स्क्वॉशचं कोर्ट.

सोनाबाईचा मुलगा पोपट घाटाच्या इंजिनांवर फायरमन आहे. तळावर कामाला असताना त्यानं माचीवरून हा खेळ पाहिला होता. त्यानं एक जुना चेंडू जपून ठेवला होता, तो आणला. ठाकूरवाडीच्या भागी आणि जना, सख्ख्या जावा, मोळ्या घेऊन बाजाराला येतात. त्या सावलीला टेकल्या होत्या. पोपटनं त्यांना हातानं चेंडू मारायला दिला. तासाभरानं भागी म्हणाली की बाय, भिंत काय दमत नाय, आपणच दमताव. पण मोळी उचलायला ती काही उठेना. तिचं तोंड बघून मला आपला गोठा आठवला.

मामलेदारांना ते घर रेशनच्या धान्यासाठी हवं आहे. मी भेटले. माणूस बरा आहे. म्हणाले की बाहेरगावचे लोक खेळायला येतात, तालुक्याला त्याचा उपयोग आहे, असं मला माघापर्यंत दाखवा, मी कलेक्टरांना तसं लिहीन; नाहीतर पोती येतील. तेव्हा मला इथं सामने भरवायचे आहेत. मुंबईचे खेळाडू आण, रॅकेटी आण, चेंडू आण. ते घर गेलं तर या बायकांना खेळायला दुसरी जागा मिळणार नाही. मला मिळाली नव्हती.

माझी प्रकृती ठीक. उजव्या काखेत थोडं ठणकतं, वयाचं असेल. मुलांना गोड पापा. आहे ही माया अशीच राहू दे.

तुझी
ताई

●

मुंबई,
ता. १२ नोव्हेंबर १९४६

ती. ताईस मालोजीचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हिला वाटलं, मी हसतो आहे ते कोणाच्या तरी लग्नाच्या बातमीनं. अठ्ठावन्नाव्या वर्षी तू स्क्वॉशच्या प्रसाराला लागलीस, आणि तेही कर्जतला! मदर सुपीरियर असत्या तर तुला कोपऱ्यात उभं केलं असतं.

पण मी पत्र आमच्या स्क्वॉश संघटनेच्या कमिटीत वाचून दाखवलं. खेळ जिमखान्यांच्या कुंपणाबाहेर न्यायचा असं आम्ही दर वर्षी ठरवतो आणि चहा पिऊन उठतो. या खेपेला चिटणीसांना लाज वाटली असावी. ते स्वतः आणि तीन खेळाडू यायला तयार आहेत. दिवस रविवार, १९ जानेवारी. कोर्ट पसंत पडलं तर कर्जतचं नाव संघटनेच्या वार्षिक सामन्यांत घालू आणि कलेक्टरांना संघटनेच्या कागदावर पत्र देऊ. तुझ्या मामलेदारांना आणखी काय हवं?

सहा जुन्या रॅकेटी आणि डबाभर चेंडू पार्सलनं पाठवतो. चेंडू सांभाळ, अजून टंचाई आहे.

एकच गोष्ट बजावतो. भिंतीला दोन पोपडे असले तरी चालतील, जमिनीत खोट चालणार नाही. चिटणीस आधी जमीन बघतात, मग माणसं. पाहुणे यायच्या आधी जमीन नीट करून घे.

काखेचं दुखणं डॉक्टरांना दाखव. आपले यजमान रेल्वेचे डॉक्टर होते म्हणून आपल्याला आजार होत नाही असा तुझा समज आहे, तो खोटा आहे. धाकट्यावर कृपा आहे ती ठेव.

तुझा
मालोजी

●

कर्जत,
ता. २२ डिसेंबर १९४६

चि. मालोजी यास आशीर्वाद, वि. वि.

पार्सल पोचलं. रॅकेटी बघायला अर्धं गाव आलं. एका म्हातारबुवांनी विचारलं की ही चाळण कशाची, यातून तर भातही राहणार नाही.

पोपटची पाळी दिवसाची असली की खेळ संध्याकाळी, रात्रीची असली की सकाळी. पुढच्या भिंतीला खाली जो पत्रा आहे, ज्याला चेंडू लागला की टोला फुकट जातो, त्याला इथं भांडं म्हणतात. चेंडू लागला की माचीवरची माणसं एका आवाजात ओरडतात की भांडं पडलं! पंचाची गरजच नाही. आता लोकांना आंधळ्या घराची भीती वाटत नाही. परवा तर एका बाईनं तिथंच पापड वाळत घालू का म्हणून विचारलं.

भागी जोरात मारते. जनाचा हात हलका आहे, पण एक अडचण. दोघींना एकाच जागेत खेळायचं, आणि भागी थोरली जाऊ. ती वाटेत आली की जना पदर सावरून बाजूला उभी राहते आणि चेंडू जाऊ देते. मी सांगितलं की वाट अडली तर डाव थांबवून तो टोला पुन्हा खेळायचा, असा नियमच आहे. जना म्हणाली की बाय, घरात बी तसंच हाय, पण पुन्हा बी तिचंच खरं होतं. भागीनं तिला रॅकेटीनं ढोसलं आणि म्हणाली की इथं मार गं भवाने, घरी काय करायचं ते मी बघते. तरी ती मारत नाही. बघू.

सामन्यांची तयारी बरी चालली आहे. खालापूरहून दोन मास्तर खेळायला येतील, कळंबचा बुधाजी येईल. तो शेतकरी आहे आणि धावताना मोठ्यानं बोलतो. पेला म्हणून आमच्याकडचा चांदीचा ठेवला आहे, यांना निरोपाला मिळालेला. मामलेदार अध्यक्ष. आदल्या दिवशी मला पंगतीसाठी मोठी पातेली आणायला खालापूरला जायचं आहे. रात्री तिथंच राहून सकाळी टांग्यानं परस्पर स्टेशनावर तुम्हाला घ्यायला येईन.

तुझा निरोप मी सोनाबाईला शब्दाला शब्द सांगितला, की पाहुणे यायच्या आधी जमीन नीट हवी, मुंबईचे लोक आधी जमीन बघतात. ती म्हणाली की बघतीलच, जमीन बघून तर घर कळतं. बाय, तुमी जमिनीची काळजी सोडा. एवढं निर्धास्त मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना संक्रांतीनंतर दाखवीन. लोभात अंतर पडू देऊ नये.

ताई

●

कर्जत,
ता. २१ जानेवारी १९४७

रा. रा. मालोजीसायेब यांसी सोनाबाईचा रामराम. पत्र माजा पोपट लिवतो. मी सांगते तसंच लिव, शानपना केलास तर मुस्काटीत मारीन, हे बी लिव म्हनलंय.

सायेब, शनवारी जमीन सारवली ती मी. बाय खालापुरास व्हत्या, त्यांना काय बी ठावं नवतं. आमच्यात पावना येनार म्हनल्यावर त्याला कोरड्या उघड्या जमिनीवर कोन उभं करतं का? ते सिमिट म्हंजी नागडं. भागी, जना न् मी, तिघींनी पाट्या वाहिल्या, चार बोटं जमीन बी सोडली नाय. तांबड्या रेघा झाकल्या गेल्या, तवा पोपटला इचारून रांगोळीनं जिथल्या तिथं काढल्या. मधी कमळं काढली ती आमच्या मनची. वाटलं सकाळपत्तुर वाळंल. घराला खिडकी नाय, थंडी पडली, नाय वाळलं.

तुमच्यासंगं त्यो उंच सायेब व्हता, चिटनीस, त्याचा पांढरा बूट आत रुतला. त्यो हसला. मला वाटलं कमळं बघून हसला. मग बाय भाईर येऊन आमाला म्हनल्या की पावनं लई खूश हायेत, पन सायबाचा पाय मुरगाळला, खेळ आज व्हत नाय. मला खरंच वाटलं. सायेब पंगतीला लंगडत आला, मी त्याच्या पायाला हळद बी लावली. काल पोपट बोलला तवा कळलं. इतकी वरसं बायकडं हाय, बाय माज्याशी खोटं कदी बोलल्या नाय. माज्यापायी बोलल्या.

तुमच्या पंचास्नी सांगा, चूक सोनीची, बायची नाय. जमीन आमी खरडून धुतली, पैल्यासारकी झाली. घर काढून घिऊ नका म्हनावं.

आनि सायेब, बाय जेवत नाय. उजवा हात काखेत दाबून बसतात. मला सांगत नाय. तुमी इचारा.

पोपट म्हनतो शेवटी लोभ लिवायचा असतो. त्यो हायेच.

सोनाबाई, निशानी अंगठा

●

मुंबई,
ता. २४ जानेवारी १९४७

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

काल कमिटी झाली. मी काय घडलं ते सांगितलं. सगळे हसले, वाईट मनानं नव्हे, पण हसले. मग एकानं मांडलं की ज्या गावी कोर्ट म्हणजे काय हे माहीत नाही तिथं सामने भरवणं घाईचं होईल. हात वर झाले. कर्जतचं नाव यादीत नाही, पत्रही नाही. पुढच्या वर्षी बघू, असं टिपणात लिहिलं. टिपणातलं पुढचं वर्ष कधी उजाडत नाही, तुला ठाऊक आहे.

मी तुझ्यावर रागावलो होतो, अजून थोडा आहे. मी बजावलं होतं, आणि तू खालापूरला पातेली आणायला गेलीस. बरं, चूक झाली ती झाली. तिथल्या तिथं सांगून, दोन बादल्या पाणी मारून, दुपारी का होईना दोन डाव खेळवता आले असते. चिटणीसांनी तेच सुचवलं होतं. तू दार ओढून घेतलंस आणि त्यांचा पाय मुरगाळलास! मी त्यांना लंगडायची विनंती केली. ते स्टेशनापर्यंत लंगडले, इतके की हमालानं हात दिला. त्यांनी कमिटीत हात वर केला नाही, एवढं त्यांच्यासाठी लिहितो.

ताई, तुला ते कोर्ट हवं होतं. मग असं का केलंस?

हात कसा आहे ते खरं लिही. मला बाहेरून कळलं आहे. तुझ्या छायेत आहे, तिथंच असू दे.

मालोजी

●

कर्जत,
ता. ३० जानेवारी १९४७

चि. मालोजी यास आशीर्वाद, वि. वि.

तुला कुणाकडून कळलं ते मला कळलं. पोपटच्या बोटाला शाई होती.

का केलं असं विचारतोस. दार उघडलं तेव्हा आतून ओल्या शेणाचा वास आला, दिवाळीच्या आदल्या सकाळी येतो तसा. जमीन आरशासारखी, आणि तुमच्या रेघा रांगोळीत, एकही चुकलेली नाही. दाराशी सोनाबाई नवं लुगडं नेसून उभी, मागे भागी आणि जना. त्या तुमच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. तिथं पाण्याच्या बादल्या मागवायच्या म्हणजे त्यांच्यासमोर त्यांची रांगोळी धुवायची. माझ्या हातून ते होईना. कोर्ट मला हवं होतं, ते आत्ताही हवं आहे. पण विचार करायला वेळ असता तरी मी तेच केलं असतं.

आता पुढचं ऐक. तुम्ही गाडीत बसल्यावर मामलेदार पुन्हा आंधळ्या घराकडे आले. त्यांना स्क्वॉशमधलं काही कळत नाही. चप्पल काढून ते आत गेले, जमिनीला हात लावून पाहिला आणि सोनाबाईला म्हणाले की तालुक्यात इतकी खळी पाहिली, पण असं खळं नाही पाहिलं. यावर टाकलेल्या भाताचा दाणा फुकट जायचा नाही. सोनाबाईला तो अध्यक्षांचा शेरा वाटला आणि ती लाजली. मला तेव्हाच समजलं. तुमच्या संघटनेचं पत्र असतं तर मी भांडले असते. पोती या आठवड्यात येत आहेत.

त्यांना दोष देववत नाही. तांदूळ कुठंतरी कोरड्यात राहायला हवा. वाडीच्या लोकांना रेशनला नेरळपर्यंत जावं लागायचं, ते वाचेल. हे सगळं मी स्वतःला नीट समजावलं आहे.

काल भागी आणि जना रॅकेटी परत करायला आल्या. कोयत्या-विळ्यांना लावतात तसं त्यांनी लाकडाला तेल लावलं होतं. जना म्हणाली की बाय, खेळ संपला तर संपला, पण वस्तू वंगाळ करून देऊ नये. मी घेतल्या आणि पलंगाखाली ठेवल्या.

हाताचं विचारतोस. रेल्वेच्या नव्या डॉक्टरांनी पाहिलं. गाठ आहे. मिरजेला दाखवा म्हणाले. उन्हाळ्यात जाईन. तू काळजी करून कमिटीत मन लावणार नाहीस असं नको. आठवण ठेवतोस, तेवढं पुरे.

ताई

●

कर्जत,
रविवार, ता. २७ एप्रिल १९४७

चि. मालोजी यास आशीर्वाद, वि. वि.

तुझं महिन्याभरापूर्वीचं पत्र मिळालं. बाहेरच्या भिंतीवर खेळ सुरू झाल्याचं मी दोन ओळींत कळवलं होतं, त्यावर तू लिहिलंस की याला स्क्वॉश म्हणत नाहीत. खरं आहे. इथं याला भांडं म्हणतात.

झालं ते सविस्तर लिहिते. शिमग्यानंतर एके दिवशी पोपट सांगत आला की आई बाहेरची जमीन सारवते आहे. मी जाऊन पाहिलं. आंधळ्या घराची दक्षिणेची भिंत बाहेरून तेवढीच उंच, तेवढीच सपाट. आत तांदूळ, पण बाहेरच्या भिंतीवर सरकारनं काही ठेवलेलं नाही. सोनाबाईनं समोरची जमीन खोदून, चोपून, खळ्यासारखी सारवली होती. या खेपेला ऊन होतं, दोन दिवसांत ती खडखडीत वाळली. मी विचारलं की हे कोणी सांगितलं. ती म्हणाली की बाय, माज्या सारवण्यानं गेलं, माज्या सारवण्यानंच येऊ दे. मग चेंडू टाकून पाहिला. मुंबईसारखा नाही, पण उसळतो. पोपटनं भिंतीला गेरूच्या रेघा मारल्या आणि खाली पत्रा ठोकला. बाजूच्या भिंती नाहीत, तिथं माणसं उभी राहतात. चेंडू गेला तर तेच परत टाकतात.

मामलेदार धान्य मोजायला आले होते, बाहेर उभे राहून एक डाव बघून गेले. जाताना गोदामाच्या पहारेकऱ्याला सांगितलं की बाहेरची भिंत त्याच्या पहाऱ्यात येत नाही.

गेल्या रविवारी सामने भरले. खालापूरचे मास्तर आले, बुधाजी कळंबहून बायकोला घेऊन आला आणि बायकोच पुढच्या फेरीत गेली. तो घरी कसा गेला असेल कोण जाणे. शेवटचा सामना भागी आणि जना यांचा. बराच वेळ जनाचं जुनंच, भागी वाटेत आली की ही बाजूला. मग भागीनं खेळ थांबवून सगळ्यांदेखत तिला विचारलं की तू मला म्हातारी समजतेस काय गं? पुढचा टोला जनानं असा मारला की चेंडू भागीच्या कानाजवळून गेला. त्यानंतर ती थांबली नाही. जना जिंकली. भागीनं तिला मिठी मारली आणि म्हणाली की आता उद्यापासून पाणी बी तूच भर, दम लई हाय तुज्यात.

जनाला पेला देऊ लागले तर तिनं घेतला नाही. म्हणाली की चांदी घरात आली की झोप जाते. रॅकेट मागितली. म्हणून पेला अजून माझ्याकडेच आहे.

तुमच्या चिटणीसांनी चेंडूंचा डबा पाठवला, आत चिठ्ठी, की सोनाबाईंना सांगावे, हळदीने पाय बरा आहे. सोनाबाईला आता खरं सगळं माहीत आहे, तरी तिनं चिठ्ठी दोनदा वाचून घेतली.

सामने सुरू करायला पहिला टोला मी मारावा असा सगळ्यांनी धोशा लावला. गोठ्यामागे शेवटचा टोला मारून पंचेचाळीस वर्षांवर झाली. उजवा हात वर जात नाही, म्हणून रॅकेट डाव्या हातात घेतली. चेंडू थेट पत्र्यावर. सारं गाव ओरडलं की भांडं पडलं! कॉन्व्हेंटमध्ये कोणी इतक्या आनंदानं माझी चूक काढली नव्हती.

परवा मिरजेला निघते. डॉक्टर सरळ बोलणारे आहेत, मलाही तेच बरं वाटतं. पोपट पुण्यापर्यंत सोबत येतो. तू रजा काढू नकोस, आधी काय म्हणतात ते कळू दे. मुलांना आशीर्वाद. माझ्यावर जीव आहे तो असू दे. मी कुठंही असले तरी तो मला पोचतो.

तुझी
ताई

ता. क. — परत यायला उशीर झाला, किंवा नाही जमलं, तर एवढं तू येऊन कर. रॅकेटी पलंगाखाली आहेत. जनाला तिची दिली आहे. भागीला लांब दांड्याची दे, बुधाजीच्या बायकोला एक, बाकीच्या पोपटकडे राहू देत, जो खेळायला येईल त्याला तो देईल. चिटणीसांचा डबाही पोपटकडे. भरतकामाची पेटी तुझ्या धाकटीला, पण तिला रॅकेटही दे आणि काय उचलते ते बघ. चांदीचा पेला सोनाबाईला. नको म्हणेल, तर सांग की जिंकणाऱ्याचा नाही, जमिनीचा आहे. धोपाटणं तुला. चादरींसाठी तिला दुसरं घेऊन दे.

पोपटनं तळावरून आणलेला तो जुना चेंडू माझ्या उशाच्या खणात आहे. तो कुणाला देऊ नकोस. माझा टोला भांड्यावर गेला, तो धरत नाहीत. गोठ्यामागच्या डावातला पहिला टोला अजून माझाच आहे.